चाक तीनवर

दादाच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला तो एका चाकामुळे. रस्त्यावर पळणारी चार चाकं नव्हेत, ती बिचारी सरळ होती. हे चाक म्हणजे स्टिअरिंगच्या बाजूला, गुडघ्याच्या वर असतं ते, बोटाच्या पेराएवढं. त्यावर शून्य ते तीन आकडे. निम्म्या गाडीवाल्यांना ते आपल्या गाडीत आहे हेही ठाऊक नसतं. डिकीत जड सामान भरलं की गाडीचं बूड बसतं, नाक वर होतं, आणि दिव्यांचा झोत रस्ता सोडून समोरच्याच्या थेट डोळ्यांत शिरतो. मग हे चाक फिरवून झोत खाली आणायचा. रिकामी गाडी शून्यावर, गच्च भरलेली तीनवर. इतकं साधं आहे, पण साधं काम करायला फुरसत कुणाला असते?

दादाला असायची. सारं आयुष्य टॅक्सी चालवण्यात गेलेलं, पण समोरून गाडी आली आणि त्यानं अप्परचा डिप्पर केला नाही असं कधी झालं नाही. दुसऱ्यानं केला नाही तर मात्र त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा, काच बंद करून, स्वतःशीच. आणि टॅक्सीत नवा माणूस घेतला तेव्हा पहिला धडा त्यानं हाच दिला होता. "गाडी नंतर शिका, आधी दिवे शिका. डिकी भरली की हे चाक खाली. समोरच्यालाही डोळे असतात."

नवा माणूस म्हणजे कुणी परका नव्हता. धाकट्या बहिणीचा नवरा, दादाचे भाऊजी. त्यांचा कारखाना बंद पडला आणि दादाची कंबर धरली, या दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. म्हणून ठरलं, दिवसा टॅक्सी दादा चालवणार, अंधार पडला की भाऊजी. संध्याकाळी स्टँडवर दादा किल्ली त्यांच्या हातात द्यायचा आणि चालत घरी जायचा. पहाटे भाऊजी टॅक्सी दादाच्या दारात लावून, किल्ली दाराच्या फटीतून आत सरकवून निघून जायचे.

आता खरं काय ते सांगून टाकू. कंबर ठणठणीत होती. बिघडले होते ते डोळे. दिवसा सगळं झकास दिसायचं. अंधारात समोरून दिवे आले की मात्र काचेवर कुणी दूध ओतावं तसं व्हायचं, नुसतं पांढरं, आणि गाडी निघून गेल्यावरही कितीतरी वेळ काही म्हणजे काही दिसायचं नाही. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं, बहिणीला नाही, स्टँडवर तर नाहीच नाही. लायसन्सचं नूतनीकरण तोंडावर आलेलं. बातमी फुटली तर हातातलं स्टिअरिंग सुटणार, आणि त्याशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं. म्हणून कंबर. लोक कंबरेवर लगेच विश्वास ठेवतात.

तर एका सकाळी दादा टॅक्सीत बसला आणि बघतो तर चाक तीनवर. फिरलं असेल गुडघा लागून, म्हणून त्यानं शून्यावर आणलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तीनवर. तिसऱ्या सकाळी तो आधी चाकच बघायला वाकला, आणि होतं तीनवर. तेव्हा मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली. गुडघा रोज लागत नाही. भाऊजी रोज रात्री डिकीत काहीतरी भरत होते. काहीतरी जड.

त्यानं डिकी उघडून पाहिली. जादाचं चाक, जॅक, फडकी, आणि एक मोठा टॉर्च. टॉर्च त्याचा नव्हता. टॅक्सीवाल्याला एवढा टॉर्च कशाला लागतो? डिकीचं कार्पेट झाडून पाहिलं तर कण नाही, कचरा नाही. झालं, यात तर काळंबेरं पक्कंच. डिकी इतकी स्वच्छ कोण ठेवतं? ज्याला काहीतरी पुसायचं असतं तोच ना.

सरळ विचारावं की नाही? पण बहिणीच्या नवऱ्याला "रात्री डिकीत काय भरता हो" असं कोणत्या तोंडानं विचारायचं? खोटं निघालं तर धाकटी जन्मभर तोंड बघणार नाही. खरं निघालं तर त्याहून वाईट. शिवाय एक सांगतो, संशय घेणाऱ्याला विचारून मिळालेलं उत्तर गोड लागत नाही, त्याला पकडून काढलेलंच हवं असतं. दादानं मूग गिळले आणि डोळे उघडे ठेवले. दिवसा चालणारे तेवढेच.

एकदा शोधायला लागलं की काय, सगळंच सापडायला लागतं. संध्याकाळी किल्ली घेतल्यावर भाऊजी लगेच निघायचे नाहीत. काच आतून पुसत बसायचे, टायरला हात लावून बघायचे, चहा घ्यायचे. भाड्याच्या ऐन गर्दीची वेळ, समोर गिऱ्हाईक उभं, आणि हे आपले काच पुसतायत. दादा गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत त्यांचं पुसणं संपत नसे. म्हणजे मी दिसेनासा व्हायची वाट बघतात तर, दादानं मनात नोंद केली. किलोमीटरच्या आकड्यातही दर रात्री थोडी तफावत यायची, कुठल्याच भाड्यात न बसणारी. टॅक्सी रिकामी कुठंतरी जाऊन येत होती.

आणि धाकटीचे फोन. आधी आठवड्यातून एकदा फोन करणारी बाई आता रोज संध्याकाळी, दादा घरात पाय ठेवतो न ठेवतो तोच. "दादा, पोचलास का?"

"पोचलो. का गं?"

"काही नाही, सहज. कंबर कशी आहे?"

सहज म्हणे. रोज त्याच वेळेला सहज? दादा घरी अडकला याची खात्री करून घ्यायची आणि मग नवऱ्याला हिरवा दिवा दाखवायचा. म्हणजे नवराबायको दोघंही सामील. ज्या पोरीला कडेवर घेऊन त्यानं शाळेत पोचवलं होतं, ती पोरगी. या विचारानं दादाच्या घशाखाली घास उतरेना.

"काय झालंय तुम्हाला?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"कंबर?"

"हो, कंबर," दादा म्हणाला. कंबर फार उपयोगी पडत होती.

भीती कशाची ते उघड होतं. टॅक्सी दादाच्या नावावर, परवाना दादाच्या नावावर. डिकीत नको ते सापडलं तर बेड्या भाऊजींच्या हातात पडतील, पण गाडी जाईल ती दादाची. मग चौकशी, मग कागद, मग कुणीतरी शहाणा म्हणणार, जरा या मालकाचंही लायसन्स बघू, जरा याचे डोळेही तपासू. एका झटक्यात सगळं संपलं असतं. असं व्हायच्या आत टॅक्सी काढून घेतलेली बरी. फक्त हातात पुरावा हवा.

घरी जायचा रस्ताही काही सुखाचा नव्हता. स्टँडपासून थोडं पुढं गेलं की कालव्याचा रस्ता लागतो. अरुंद, खड्ड्यांचा, दिव्याचे खांब आहेत पण त्यातले जळणारे कमी. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जेमतेम कंबरेपर्यंतचा लोखंडी कठडा आणि खाली पाणी. फूटपाथ म्हणाल तर नाव घेऊ नका. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडायचा. समोरून गाड्या खड्ड्यांत आपटत यायच्या आणि त्यांचे दिवे उड्या मारत दादाच्या डोळ्यांत घुसायचे. मग तो कठडा दोन्ही हातांनी धरायचा, तोंड पाण्याकडे करायचं, आणि डोळे जागेवर येईपर्यंत उभा राहायचा. बघणाऱ्याला वाटावं, काय शांतपणे पाणी बघतोय. मध्यंतरी एकदा कठडा चुकला होता. कोपर फुटलं, पँट चिखलात माखली. घरी सांगितलं, गाडी धुताना पाय घसरला.

"सोडू का घरी?" भाऊजी सुरुवातीला विचारायचे.

"छे, छे. डॉक्टरनं चालायला सांगितलंय. कंबरेला बरं." असा कुठलाही डॉक्टर नव्हता.

त्या रस्त्यावर एकच गाडी काय ती सरळ वागायची. रोज कालव्याचं पाणी सोडायच्या लोखंडी दरवाजाच्या आसपास ती समोरून यायची, दिवे अगदी जमिनीला लागलेले, बैलगाडीच्या चालीनं. तिच्या मागं अडकलेल्या गाड्या हॉर्न वाजवून जीव खायच्या, पण ही काही वेग वाढवायची नाही आणि रस्ताही द्यायची नाही. सगळी रांग गोगलगायीसारखी, दिव्यांच्या उड्या न मारता, दादाच्या शेजारून जायची आणि त्याला तेवढा वेळ कठडा सोडून चालता यायचं. गाडी कोणती, रंग कोणता, हे काही त्याला दिसायचं नाही. "या रस्त्यावर एक तरी माणूस आईबापांनी शिकवलेला आहे," असं तो बायकोला एकदा म्हणालाही होता.

शेवटी त्यानं रेडिओला गाठलं. रेडिओ म्हणजे स्टँडवरचा दुसरा टॅक्सीवाला. सकाळी एकदा सुरू झाला की गाडीची किल्ली काढल्यावरही बंद न होणारा, म्हणून रेडिओ. गुपित सांगायला याच्याइतका चुकीचा माणूस गावात नव्हता, पण दुसऱ्या कुणाची गाडी संध्याकाळी मोकळी नसायची.

"भाऊजींच्या मागं जायचंय," दादा म्हणाला. "आणि तोंडाला कुलूप."

"कसला माल असेल?" रेडिओचे डोळे चमकले. "सिमेंट? तांब्याच्या तारा? माझ्या साडूच्या शेजारी एक होता, तो..."

"कुलूप म्हटलं ना."

त्या संध्याकाळी दादानं रोजच्यासारखी किल्ली दिली, रोजच्यासारखा चालत निघाला, आणि गल्लीच्या तोंडाशी वळून टायरच्या दुकानामागं उभ्या असलेल्या रेडिओच्या टॅक्सीत जाऊन बसला. पुढच्या सीटवर, खाली सरकून. मफलर नाकापर्यंत. आपल्याच गाडीवर पाळत ठेवायला आपण परक्याच्या गाडीत लपलोय, याची त्याला लाज वाटली, नाही असं नाही. पण रागापुढं लाजेचं काय चालतंय.

भाऊजींनी काच पुसली. चहा घेतला. घड्याळ पाहिलं. एका गिऱ्हाइकाला हात जोडून नाही म्हटलं, आणि रिकामी गाडी घेऊन निघाले.

"नाही म्हणाले. भाडं नाही म्हणाले," रेडिओ कुजबुजला. "दादा, मोठं प्रकरण आहे हे."

"चल."

भाऊजी मोठ्या रस्त्यानं लांबचा वळसा घालून गेले आणि कालव्याच्या रस्त्याला पलीकडच्या टोकानं शिरले. म्हणजे दादाच्या घराच्या बाजूनं. माझ्या घराजवळ? माल माझ्या घराच्या आसपास ठेवतात की काय?

"दादा, त्यांनी दिवे खाली घेतले," रेडिओ म्हणाला. "पार जमिनीला. आणि डिकी तर रिकामी वाटतेय, गाडीचं बूड वरच आहे."

"माल आता उचलणार असतील."

"आणि चालतायत कसे बघा. मी पायी पुढं जाईन."

दादाला पुढं लाल ठिपक्यांखेरीज काही दिसत नव्हतं, आणि ते तो रेडिओला सांगणार नव्हता. मागं गाड्या साचल्या, हॉर्न सुरू झाले. पाण्याच्या दरवाजाजवळ जरा रुंद जागा आहे. तिथं रेडिओनं गाडी बाजूला घेतली आणि दिवे मालवले. भाऊजी तसेच रांगत स्टँडच्या टोकापर्यंत गेले.

"गेले. नाही, थांबा. वळवली गाडी. परत येतायत."

दादाच्या खिशात फोन थरथरला. धाकटी. त्यानं आवाज आधीच बंद करून ठेवला होता. थोड्या वेळानं पुन्हा धाकटी. मग बायको. मग पुन्हा धाकटी. "बघ," तो रेडिओला म्हणाला, "खात्री करून घेतायत मी घरी पोचलोय का त्याची. सगळं ठरलेलं आहे यांचं." हे बोलताना त्याचा आवाज फाटला, कारण बायकोचंही नाव त्या फोनवर होतं.

भाऊजींची गाडी परत आली, या वेळी भरभर, आणि पाण्याच्या दरवाजाच्या अलीकडं थांबली. दार उघडल्याचा आवाज आला. मग डिकीचा.

"टॉर्च काढला," रेडिओ सांगू लागला. आता तो अगदी खेळाचं वर्णन केल्यासारखा बोलत होता. "कठड्यापाशी गेले. वाकून खाली बघतायत. पाण्यात टॉर्च मारतायत. पुढं सरकले. परत पाण्यात बघतायत. दादा, माल पाण्यात आहे. पाण्यात टाकलेला माल शोधतायत."

दादा सरळ होऊन बसला. इतके दिवस ज्याची वाट बघत होता ते हातात आलं होतं आणि त्याला जराही आनंद झाला नाही. बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढं आला. त्यानं तो बाजूला सारला.

"अप्पर मार," तो म्हणाला.

"आं?"

"दिवे लाव आणि अप्पर मार. तोंडावर. पळायला जागा नको."

रेडिओनं दिवे लावले. सगळा कालवा पांढरा झाला. कठड्यापाशी वाकलेला माणूस दचकून ताठ झाला, त्यानं हात डोळ्यांवर आडवा धरला. पण तो पळाला नाही. उलट टॉर्च हलवत, ठेचकाळत, दिव्यांच्या दिशेनं चालू लागला.

"दिवे खाली घ्या," भाऊजी ओरडून सांगत होते. "अहो, दिवे खाली घ्या. या रस्त्यानं आमचे दादा चालत येतात. त्यांना समोरून उजेड आला की दिसत नाही."

रेडिओचा हात स्टिअरिंगवर होता तसाच राहिला.

भाऊजी अजून जवळ आले. दिवे डोळ्यांत असल्यानं गाडीत कोण आहे ते त्यांना दिसत नव्हतं. "तुम्ही त्या टोकाकडून आलात का? वाटेत एक माणूस दिसला का? उंच आहेत, करडा स्वेटर, गळ्यात मफलर. कठड्याला धरून चालतात. रोज इथवर येतात, आज दिसत नाहीत. घरीही पोचले नाहीत." त्यांचा श्वास पुरत नव्हता. "मागं एकदा पडले होते इथं. म्हणून खाली बघत होतो. पाणी खोल आहे हो."

रेडिओनं हळूच दिवे खाली घेतले. त्याला गप्प बसलेलं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

दादा दार उघडून उतरला. एवढ्या उजेडानंतर त्याला काहीच दिसेना. सवयीनं त्याचा हात कठडा शोधू लागला आणि कठड्याऐवजी एक स्वेटरची बाही हाताला लागली.

"दादा?" भाऊजी म्हणाले. त्यांनी दादाचा दंड घट्ट धरला. "कुठून आलात?"

खोटं बोलायला जागा होती. कंबर होती, डॉक्टर होता. पण पाठीमागं रेडिओची गाडी घुरघुरत उभी होती, आणि दादाला आता स्वतःचाच कंटाळा आला होता.

"याच्या गाडीतून," तो म्हणाला. "तुमच्या मागं होतो. पाळत ठेवून."

"माझ्यावर?"

"चाक रोज तीनवर असायचं. मला वाटलं, डिकीत काहीतरी भरून नेताय."

भाऊजी हसले. मोठ्यानं नाही. "विसरायचो हो परत फिरवायला. मग म्हटलं राहू दे खालीच, गाडी सावकाश चालवू. रात्रीचं आणखी कोण कोण कुठं कठडा धरून उभं असेल, आपल्याला काय माहीत? समोरच्यालाही डोळे असतात, तुम्हीच म्हणाला होता."

"ती गाडी तुमची होती," दादा म्हणाला. "रोजची. हळू येणारी."

"तुमचीच होती."

दादाला रडू आलं. अंधार होता म्हणून बरं, असं त्याला वाटलं, पण समोरच्याला सगळं स्वच्छ दिसत होतं.

"मला सांगितलं का नाही, कळलंय म्हणून?"

"तुम्ही कंबर म्हणत होता," भाऊजी म्हणाले. "म्हणून आम्हीही कंबर म्हणत होतो."

"आम्ही म्हणजे?"

"घरी सगळ्यांना ठाऊक आहे, दादा. वहिनींना तर माझ्याही आधीपासून."

मागून रेडिओनं घसा खाकरला. "मी कुणाला काही सांगणार नाही," तो म्हणाला, आणि गाडी वळवून, दिवे जितके खाली जातील तितके खाली घेऊन, हळूहळू निघून गेला.

भाऊजींनी टॅक्सीचं पुढचं दार उघडलं. दादा बसला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. इतक्या वर्षांत आपल्या गाडीत या बाजूला तो कधी बसला नव्हता. चाक तीनवर होतं. समोर रस्त्याचा छोटासा तुकडा उजळला होता, दोन खड्डे आणि कठड्याचं बूड, बाकी सगळा अंधार. इतक्या थोड्या उजेडात हा माणूस रोज गाडी हाकत होता.

खिशात फोन पुन्हा थरथरला. या वेळी दादानं तो घेतला.

"दादा," धाकटीचा आवाज रडवेला होता. "पोचलास का?"

"नाही गं," दादा म्हणाला. "वाटेतच आहे. मला दिसत नाही रात्रीचं."

"हे आहेत ना बरोबर?" तिनं विचारलं.

"आहेत," दादा म्हणाला.